पालखी नाचवणाऱ्याची मांडी

सुहास म्हणजे माझा पाठचा सख्खा भाऊ, आणि आमच्या वाडीत पालखी नाचवावी ती त्यानेच. भाऊ म्हणून बोलत नाय, देवरूखपासून संगमेश्वरपर्यंत कोणालाही विचारा. शिमग्यात देवीची पालखी खांद्यावर घेतलीन, की ढोलवाले त्याच्या पायांकडे बघून ढोल वाजवायचे. आमच्या दारात पुढचा खांदा आमच्याच घराचा. बापजाद्यांपासूनचा मान तो.

यंदा पौषात आंब्याला फवारणी करताना फांदीवरून पडला न् नडगी मोडली. प्लास्टर थेट मांडीपर्यंत. डॉक्टरीणबाई बोलल्या, "पडून राहिलात तर मांडी वाळेल. प्लास्टरातच मांडी आवळायची, सोडायची, दिवसातून बरेचदा. अंडी, मासे खा. स्नायूंना बळ देणारी क्रिएटिनची पावडर हवी तर घ्या, पण नुसती पिऊन काय व्हायचं नाय."

सुहासच्या कानात पावडर तेवढी राहिली. सकाळी पेल्यात ढवळून प्यायचा न् खाटेवर आडवा. वर मासळीही सोडलीन. पालखीचा खांदेकरी शिमग्याआधी मासळी वर्ज्य करतो. यंदा देवीने पाय लवकर जोडावा म्हणून त्याने महिनाभर आधीच सुरू केलंन.

त्याची बायको नम्रता बोलायची, "अहो, आवळा जरा पाय. बाईंनी सांगितलंय ना?"

"पावडर काय उगाच पितोय? ती करतेय काम."

शेजारचा विठू चिडवायचा, "सुहासदादा, लावणी न करता नुसतं खत मारतोस काय रे?"

"गप मेल्या! शिमग्याला बघ, तुला खांद्यावर घेऊन नाचतो."

प्लास्टर उतरलं. हाड जुळलं होतं, मांडी मात्र पार हडकलेली. दुसऱ्याच कोणाचा पाय बघावा तसा तो बघत राहिला. बाईंनी पालखीला नको सांगितलं. पण मान कसा सोडणार?

पालखी दारात आली. पुढचा दांडा त्याने खांद्यावर घेतलान. ढोल घुमला न् पहिल्याच गिरकीला गुडघा लटपटला. पालखी कलंडली. विठूने धावत येऊन खांदा दिलान, म्हणून देवी सावरली. मग आमच्या दारात, आमच्या घरचा खांदा, विठूच नाचला. सुहास ओटीवर बसून होता. लोक त्याच्याकडे न बघता पालखीमागून पुढच्या दारी गेले. चार शिव्या घातल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं. आवळली असती मांडी रोज, तर काय गेलं असतं, एवढंच त्याच्या डोक्यात फिरत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच विठू आला. खांदा सुजून टम्म झालेला. "दादा, हे कसं उतरवायचं ते तुलाच ठावक."

सुहासने नम्रताला खोबरेल कोमट करायला सांगितलंन, विठूला पुढ्यात बसवलान, न् खाली मान घालून त्याचा खांदा चोळत राहिला.