अठराचं ॲव्हरेज आणि सुरमईचं शेपूट

हसायचं असेल तर आधी कप खाली ठेवा. मागच्या वेळी हे सांगितलं तेव्हा एका मित्राने अर्धा चहा माझ्या शर्टावर सांडला होता. आणि मास्तर तिखटमीठ लावतोय असं कुणाला वाटलं, तर लावतोय. पण शेपटाची लांबी खरी आहे. अडीच फूट.

शेपूट गाडीला होतं. सांगतो.

आमची गाडी म्हणजे हिची गाडी. छोटी, पांढरी, आमच्या लेकीपेक्षा चारच वर्षांनी लहान. ही आणि मी तलासरीच्या एकाच शाळेत शिकवायचो. ही मराठी, मी विज्ञान. राहायला डहाणूत. रोज सकाळी ही गाडी चालवायची आणि मी शेजारी बसून वह्या तपासायचो. गाडी मलाही येत होती, पण हिचं म्हणणं असं की, "तुम्ही विचार करत चालवता. रस्त्यावर विचार नको, लक्ष हवं." मग मी आपला लाल पेन घेऊन शेजारी.

ही गेली त्याला दोन वर्षं झाली. वर्षभर गाडी अंगणात चिकूखाली उभी होती. मग एका सकाळी टपावरची पानं झाडली आणि मीच चालवायला लागलो.

एक गोष्ट आत्ताच सांगून ठेवतो. निघण्याआधी ही हँडब्रेकच्या दांडीला हात लावायची आणि तोच हात कपाळाकडे न्यायची. रोज. वहीतून डोकं वर न काढताही मला ते दिसायचं. कुणी स्टिअरिंगला नमस्कार करतं, कुणी डॅशबोर्डवरच्या गणपतीला. हिचा देव हँडब्रेकमध्ये होता, त्याला आपण काय करणार? मी फारसा देवाधर्मातला नाही. पण चालवायला लागलो तसा मीही ब्रेक सोडल्यावर दांडीला बोटं टेकवून कपाळाला लावायला लागलो. हळूच, पण मनापासून.

तर घोळ ॲव्हरेजवरून सुरू झाला. हिच्या हातात गाडी लिटरला अठरा द्यायची, माझ्या हातात बारा. गाडी तीच, रस्ता तोच. गॅरेजवाल्याने प्लग बदलले, फिल्टर बदलला आणि शेवटी म्हणाला, "सर, वय झालं आता हिचं."

आमची लेक जुई पुण्याला असते. तिला आधीच ही गाडी नको होती. आईच्या माघारी ती एकदाही गाडीत बसली नव्हती. आली की स्टेशनवरून रिक्षाने यायची. मीही कधी आग्रह केला नाही.

"बाबा, विका ती," ती फोनवर म्हणाली. "उद्या हायवेला बंद पडली तर?"

"अगं, अठरा द्यायची ती."

"द्यायची. आता देते का? मेच्या सुट्टीपर्यंत अठरा दिले तर ठेवा, मी परत विषय काढणार नाही. नाही दिले, तर गिऱ्हाईक मी बघते."

पोरीचा आवाज अगदी आईचा. मी हो म्हणालो.

आता पंचवीस वर्षं विज्ञान शिकवलेला माणूस काय करेल? चार लोकांना विचारेल? छे. तो वाचेल. मी रात्रंदिवस मोबाइलवर वाचलं आणि मला शत्रू सापडला: वारा. गाडी पेट्रोल पिते ती वाऱ्याला ढकलण्यात. जुन्या छोट्या गाड्यांना तर मागून कापलेल्या पावासारखा सपाट पार्श्वभाग. तिथे हवा घोळ घालते आणि गाडीला मागे ओढते. शिवाय माझा रस्ता किनाऱ्याचा, चिखले-घोलवड-बोर्डी करत जाणारा. म्हणजे वारा हा माझा खाजगी वैरीच म्हणायचा.

चिखल्याला हरेशभाई राहतात. होड्यांना फायबर लावायचं काम त्यांचं, हात सोन्याचा. त्यांच्याकडे गाडी नेली. त्यांनी तिच्याभोवती एक चक्कर मारली.

"टोक पुढे लावायचं ना, सर? होडीसारखं?"

"नाही, मागे. पुढून बोथट, मागे निमुळती."

"मागे टोक? मग ती चालणार कुठल्या बाजूला?"

मी जमिनीवर काटकीने आकृती काढून हवेचा प्रवाह समजावला. हरेशभाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे तुम्हाला होडी नाय पायजे, मासा पायजे. असं बोला ना. सुरमई करून देतो."

आणि दिली हो. मागच्या दाराला अडीच फुटी निमुळतं पांढरं शेपूट. मागची दोन्ही चाकं फायबरच्या झाकणांनी बंद. पुढची जाळी दुकानांच्या पाट्यांना वापरतात त्या प्लास्टिकच्या शीटने झाकली. शीट जुन्या पाटीची होती. उलटी लावा असं मी सांगितलं होतं. ती सुलटी लागली. त्यामुळे समोरून येणाऱ्याला आधी ‘सुके बोंबील मिळतील’ असं वाचायला मिळायचं आणि मग मी दिसायचो.

ॲव्हरेज मोजलं. साडेअकरा.

कमी झालं होतं. पण संशोधक असा डगमगतो का? गाडीत जळकट वास यायला लागला, तो मी नव्या फायबरचा धरला. चूक हवेच्या प्रवाहात कुठेतरी होती आणि ती शोधायची एक पद्धत मी वाचली होती: गाडीभर लोकरीचे धागे चिकटवायचे, गाडी पळवायची आणि धागे कुठे सरळ राहतात, कुठे फडफडतात ते बघायचं.

लोकर घरात होती. हिच्या डब्यात, लाल आणि पिवळी. पोरांना विणकाम शिकवायला आणलेली. कात्री हातात घेतल्यावर जरा थांबलो. मग म्हटलं, तिच्याच गाडीसाठी आहे. दीडशे तुकडे कापले.

शनिवारी सकाळची शाळा. ठरलं असं की मी गाडी चालवायची आणि हरेशभाईंनी मोटरसायकलवरून मागे राहून धागे बघायचे. निघणार, तेवढ्यात पार्वतीमावशी आडव्या आल्या. मासळीबाजारातल्या आमच्या नेहमीच्या.

"मास्तर, तलासरीला सोडा ना. भाचीची सुपारी फुटायचीय आज, नि टेम्पो गेला माझा."

बसवलं पुढे. मावशी समारंभाला निघालेल्या: नवी हिरवी साडी, अंबाड्यावर हा एवढा गजरा. गाडी लाल-पिवळ्या धाग्यांनी मढलेली. वेग चाळीसचा, कारण त्याच वेगाला ॲव्हरेज चांगलं मिळतं असं वाचलं होतं. मागे दिवा लावून हरेशभाई, आणि धागा नीट दिसला की खूण म्हणून एक हॉर्न.

मला खरंच काही वाटलं नाही. तुम्हाला आत्ताच दिसलं असेल. मी गाडीच्या आत होतो.

बोर्डीच्या नाक्यावर माझ्या जुन्या विद्यार्थ्याची चहाची टपरी आहे. गाडी बघून तो कपडा खांद्यावर टाकत धावत आला.

"सर, अभिनंदन. लई चांगलं केलंत."

"अरे, अजून निकाल यायचाय."

"तो चांगलाच येणार. बरेच दिवस मनात होतं काय, सर?"

"वर्षभर. एकट्याने झेपेना, म्हणून हरेशभाईंची मदत घेतली."

"आणि जुईताई?"

"तिला नाही सांगितलं अजून. एकदम दाखवीनच."

तो गहिवरला. मावशींना वाकून नमस्कार केला आणि आम्हाला दोन चहा दिले. मावशी म्हणाल्या, "पोरगा गुणाचा हाय हां." मी म्हटलं, विज्ञानाची कदर असलेला आहे.

मावशींना बाजारपेठेत सोडून शाळेत पोहोचलो, तर स्टाफरूममध्ये पेढे. मुख्याध्यापकबाईंनी माझ्या हातात नारळ ठेवला आणि डोळे पुसले. "जिथे असतील तिथे त्यांना बरंच वाटेल, सर," म्हणाल्या. मी नारळ घेऊन उभा. एका गाडीच्या प्रयोगाला नारळ जरा जास्तच होतोय, एवढं मात्र वाटून गेलं.

दुपारी जुईचा फोन. आवाज फार जपून काढलेला. "बाबा, मी उद्या येतेय."

"ये की. तुला दाखवायचंच आहे."

"बाबा, मला राग नाही. खरंच नाही. फक्त आधी सांगायला हवं होतं. बोर्डीवरून फोन आला मला. दोन मिनिटांत तीन जणांचा."

"आधी सांगितलं असतं तर तू अडवलं असतंस."

"मी कशाला अडवू? तुम्ही एकटे असता. कोण आहेत त्या?"

"कोण कोण? आपली गाडीच आहे. मागून जरा वाढवलीय."

रविवारी ती आली. अंगणात उभी राहून तिने गाडी बघितली. शेपूट, झाकणं, सुके बोंबील, दीडशे धागे. लोकांनी माझं लग्नच लावून टाकलंय हे तिच्याकडून कळलं, तेव्हा मी पार्वतीमावशींचं सगळं सांगितलं. ती पायरीवर बसली आणि हसायला लागली. पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. दोन वर्षांत तिला असं हसताना पाहिलं नव्हतं. म्हटलं, ॲव्हरेज गेलं खड्ड्यात, शेपूट वसूल झालं.

"चला," ती उठून म्हणाली. "मला बसवा यात. विकायच्या आधी एकदा तरी."

ती माझ्या जागेवर बसली, शेजारच्या. मी चावी फिरवली, हँडब्रेक सोडला, दांडीला बोटं टेकवून कपाळाला लावली. तिने ते बघितलं.

चिखल्याच्या अलीकडे जळका वास वाढला. मग आरशात धूर दिसला. मागच्या चाकावरचे लाल धागे एकेक करून आखडत, काळे पडत होते. हरेशभाईंच्या दारात गाडी थांबवली. ते पान्हा घेऊन धावत आले, चाकाचं झाकण काढलं आणि हात झटकला.

"सर, हे तर तव्यासारखं तापलंय. ब्रेक लागलेला हाय."

"कसा लागेल? मी पाय काढलाय."

"पायाचा नाय. हाताचा."

जुईने आत वाकून दांडीकडे बघितलं. मग मूठ वळली आणि दांडीवर दोन ठोसे घातले. दणादण. टक्क आवाज झाला आणि दांडी आणखी बोटभर खाली बसली. त्याच हाताने तिने कपाळावर आलेले केस मागे सारले.

मी बघत राहिलो.

"बाबा, ही दांडी अडकते. पहिल्यापासून. डॅशबोर्डवरचा दिवाही गेलाय त्याचा. ठोसा मारल्याशिवाय पूर्ण सुटत नाही. आईने मला गाडी शिकवताना पहिलं हेच शिकवलं होतं." ती माझ्याकडे वळली. "तुम्ही मघाशी काय केलंत ते?"

"नमस्कार."

"कुणाला?"

"तुझी आई करायची. रोज. दांडीला हात, मग कपाळाला."

"बाबा, ती ठोसे मारायची. आणि मारताना ‘मेल्या, सूट’ म्हणायची."

हरेशभाईंनी तोंड फिरवलं. त्यांचे खांदे हलत होते.

म्हणजे बघा. वर्षभर मी अर्धवट लागलेला ब्रेक ओढत डहाणूहून तलासरीला जात होतो, त्याच्याच पाया पडत होतो, आणि दोष वाऱ्याला देत होतो.

त्याच दिवशी शेपूट उतरवलं. ते आता हरेशभाईंच्या अंगणात उलटं ठेवलंय, त्यात मावशी जवळा वाळवतात. बोर्डीचा चहावाला अजूनही विचारतो, "काकू माहेरी गेल्या काय, सर?" आणि गाडीने पहिल्याच आठवड्यात अठरा दिले. वर थोडे पॉइंट.

मी लगेच जुईला फोन केला. म्हटलं, अठरा. शब्द पाळ.

"पाळते. राहू दे गाडी. मी आले की स्टेशनवर न्यायला या तीच घेऊन." मग म्हणाली, "पण एक सांगा बाबा, एवढी वर्षं आईच्या शेजारी बसून तुम्ही करत काय होतात?"

काय सांगणार तिला? वह्या तपासत होतो. लोकांच्या पोरांच्या चुका काढत होतो.