नरसय्या अण्णा आणि चारची वेळ

नरसय्या अण्णा कुठलाही कॉम्प्युटर उघडण्याआधी त्याच्या डब्याला उलटा हात लावून बघत, तापलेल्या पोराचं कपाळ बघावं तसा. मग विचारत, "ह्याच्यापुढं कोन बसायचं?" उत्तर मिळाल्याशिवाय पिशवीतून स्क्रू ड्रायव्हर बाहेर निघत नसे. तरुणपणी ते सोलापुरातल्या मागांवर फिटर होते. दुसऱ्याच्या मागावरचा धागा त्याला विचारल्याशिवाय तोडायचा नाही, ही तिथली शिस्त त्यांनी कॉम्प्युटरलाही लावली होती. "माग काय आन् हे काय, कुनाचं तरी काम अर्ध्यात ऱ्हायलेलं असतंय की," असं म्हणत. माणूस मायाळू, पण हट्टी. घाई करणाऱ्या गिऱ्हाइकाला खुशाल परत पाठवत.

आमचे बाबा चादरींची डिझाइनं काढत; अण्णा त्यांना मास्तर म्हणत. ते गेल्यावर त्यांचं काम मी हाती घेतलं, पण कारखान्याचं नवं सॉफ्टवेअर त्यांच्या जुन्या मशीनला पेलेना. आई मशीन बदलू देईना, म्हणून अण्णांना बोलावून आतला प्रोसेसर तेवढा नवा घालायचं ठरलं. माझ्या मनात आणखीही एक कारण होतं. बाबा गेल्यापासून ते मशीन रोज दुपारी चारला आपोआप सुरू व्हायचं. कुणी हात लावलेला नसायचा. पंखा घरघरायचा, स्क्रीन उजळायचा, आणि आई चहाचा कप त्याच्यापुढे नेऊन ठेवायची. त्या वेळी त्या खोलीत पाऊल टाकायचं माझं धाडस होत नसे.

अण्णांनी मशीनची सेटिंगं उघडली आणि एका ओळीवर बोट ठेवलं. "ताई, भुताचं कायबी न्हाय. मास्तरांनीच येळ घालून ठिवलीय, चारला चालू हो म्हनून."

मला हायसं वाटलं. पण नवा प्रोसेसर ओळखता यावा म्हणून मदरबोर्डाचा आतला प्रोग्राम बदलावा लागणार होता, आणि त्यात जुनी सेटिंगं पुसली जाणार होती. ही वेळसुद्धा.

"परत घालता यील की," अण्णा म्हणाले. "पर मग ती तुमची येळ. मास्तरांची न्हाय."

"आईला सांगू नका. पुसून टाका," मी कुजबुजले.

"इचारल्याबिगर पुसत न्हाय मी." आणि त्यांनी स्वयंपाकघराकडे हाक मारली, "वहिनी, जरा येता का?"

आईनं शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाली, "माहीत आहे मला. माझ्यादेखतच घातली होती त्यांनी. चहा होईस्तोवर मशीन तयार असावं म्हणून."

"मग तू चहा कुणाला ठेवतेस?" मी चिडून विचारलं. खरं तर मला रडू येत होतं.

"मशीन सुरू झालं की खुर्ची करकरते. त्यांना ठेवते."

अण्णांनी त्या रिकाम्या खुर्चीकडे बघितलं. तेलुगूत काहीतरी पुटपुटले. मग हळूच म्हणाले, "वहिनी, पुसल्यावर मास्तर न्हाय आले तर?"

आईनं पदर बोटाला गुंडाळला, सोडला. "पोरीचं काम अडलंय. पुसा."

काम नीट झालं. दुसऱ्या दिवशी चारच्या आधी अण्णा न बोलावता आले आणि दाराशी जमिनीवर बसले. आई कप घेऊन उभी होती. चार वाजले. मशीन गप्पच. मला माझाच राग आला. भीतीपोटी मी तिचं उरलंसुरलं सुख मोडून बसले होते.

मग खुर्ची करकरली.

आईनं कप टेबलावर ठेवला. "आज उशीर झाला," एवढंच म्हणाली.

अण्णा उठले. मी त्यांना जिन्यात गाठलं. ती आमची शेवटची भेट. पुढच्या दोन महिन्यांत ते गेलेच.

"अण्णा, ऐकलंत ना? खुर्चीचा एखादा स्क्रू ढिला असेल. बघता का?"

त्यांनी सावकाश चपला घातल्या. "ऐकलं की," ते म्हणाले. "पर ते दुरुस्तीचं काम न्हाय, ताई."