मुलीच्या साखरपुड्यातला पेढा

बारामतीच्या डॉक्टरांनी सोनोग्राफी पाहिली, लिव्हरवर चरबी साठलीय म्हणाले आणि विचारलं, "घेता का?" थेंबही नाही, म्हणालो. मग दिवसाला चहा किती, ते विचारलं. मी बोटं मोजायला लागलो. रक्तातली साखरही काठावर होती. गोड आणि मैदा सोडा, रोज चाला, पोट उतरवा, लिव्हर अजून सुधारेल, असं ते म्हणाले. त्यांना बोलायला काय जातं? आमच्या कोऱ्हाळ्यात घरं उसावर उभी आहेत. ट्रॅक्टर आला, पेढा. कुणी कशाचा तरी अध्यक्ष झाला, पेढा. "एकानं काय होतंय?" असं प्रत्येक जण म्हणतो, आणि प्रत्येकाचा एकच असतो.

त्यातच मुलीचा साखरपुडा आला. पाहुणे पळसदेवचे बागायतदार. नवऱ्या मुलाचे चुलते फेटा सावरत, फोटोग्राफरला हाताशी धरून, पेढा घेऊन माझ्यासमोर आले.

"पाव्हणं, आ करा."

"मला नको. लिव्हरला चरबी हाय."

मांडवात कुजबुज सुरू झाली. आमच्याकडे पाहुण्यांचा पेढा नाकारला की सोयरीक नाकारली असं धरतात, आणि लिव्हर म्हटलं की दारू. मी एका दमात दोन्ही उरकलं होतं. बायकोनं कोपरानं ढोसलं. मी तोंड मिटूनच ठेवलं. चुलत्यांनी शेवटी तो पेढा स्वतःच खाल्ला. त्याचाही फोटो निघाला.

लग्नाची तारीख न धरताच पाहुणे गेले.

"पेढ्यावरनं मोडत असंल तर मोडू द्या," मुलगी म्हणाली. बोलली धीटपणे, पण हातातला फोन काही खाली ठेवत नव्हती.

पुढच्याच आठवड्यात पाहुण्यांचा माणूस चौकशीला आला आणि थेट रस्त्यावरच्या परमिट रूममध्ये शिरला. मालकानं त्याला सांगितलं, "ते हितं कवाच येत न्हाईत. समोर चहावाल्याला इचारा." चहावाल्याची उलट तक्रारच होती, की पूर्वी बसले की उठत नव्हते, आता बिनसाखरेचा मागतात. चारित्र्याचा दाखला बारमधून मिळालेला आमच्या गावात मी एकटाच असेन.

मग चुलत्यांचा फोन आला. मुलगी शेजारी येऊन उभी राहिली. मी स्पीकर लावला.

"तारीख धरू म्हणतो. पर लग्नात समद्यांम्होरं येक जिलबी तरी खावा. आमचा मान हाय."

मी मुलीकडे पाहिलं. तिनं मान आडवी हलवली.

"मान दुसरा सांगा," मी म्हणालो. "फेटा बांधतो, गळाभेट घेतो. जिलबी न्हाय."

"मग भरवायचं काय तुमाला?"

"काकडी."



"फोटूत काकडी कशी दिसंल, पाव्हणं?"

"हिरवी."

त्यांनी एक उसासा टाकला आणि तारीख सांगितली.