काका मालक झाले

मालक नावाच्या प्राण्यावर माझ्या चुलतसासऱ्यांनी आयुष्यात कधी विश्वास ठेवला नाही. मग तो कारखान्याचा मालक असो, कोपऱ्यावरच्या दुकानाचा असो, की लग्नासाठी हॉल भाड्याने देणारा असो. त्याने हसून हात पुढे केला की काका आधी स्वतःचा खिसा चाचपायचे. इंग्लंडात, लेस्टरमधल्या एका होजिअरी कारखान्यात त्यांनी अडतीस वर्षं मोजे विणणारी यंत्रं दुरुस्त केली आणि त्यातली तीस वर्षं ते तिथल्या युनियनचे प्रतिनिधी होते. कारखाना बंद पडला, त्याच्या जागी फ्लॅट उभे राहिले, बरोबरचे निम्मे लोक देवाघरी गेले, पण काकांचं प्रतिनिधित्व संपलं नाही. आता त्यांना कुणी निवडून देत नव्हतं एवढाच काय तो फरक.

मला त्याचा पहिला धक्का माझ्याच लग्नात बसला. लेस्टरच्या हॉलमध्ये दोनशे माणसं पानावर बसलेली, मी सकाळपासून उपाशी, आणि पहिली पुरी माझ्या ताटात पडणार एवढ्यात तपकिरी सुटातले एक गृहस्थ मधोमध उभे राहिले. वाढणारी पोरं पहाटेपासून राबताहेत, त्यांनी अजून काही खाल्लेलं नाही, असं त्यांनी आधी मराठीत आणि मग इंग्रजीत जाहीर केलं, आणि पुढची वीस मिनिटं आम्ही सगळे त्या बारा वाढप्यांना जेवताना बघत बसलो. पुण्याहून आलेली माझी आई माझ्या कानाशी लागून विचारत होती की हे कोण? माझा नवरा जन्माने लेस्टरचा. तो अभिमानाने म्हणाला, "आई, ही माझी काका आहे." आईला दुहेरी धक्का बसला.

पुढे सवय होईल असं वाटलं होतं, पण झाली नाही. एकदा मी त्यांच्याबरोबर बसने गावात जात होते. ड्रायव्हरला पाच तासांत चहा मिळाला नाही हे काकांनी गप्पा मारता मारता त्याच्याकडून काढून घेतलं. पुढच्या स्टॉपवर त्यांनी त्याला खाली उतरवलं, समोरच्या कॅफेकडे पिटाळलं आणि तो येईपर्यंत बसच्या दारात हात पसरून उभे राहिले. एकही गोरा माणूस कुरकुरला नाही. उलट एका म्हातारीने ड्रायव्हरसाठी पर्समधून बिस्किटं काढून दिली. मी फार्मसीत काम करते. तिथेही काका एका दुपारी ब्लडप्रेशरच्या गोळ्या न्यायला आले ते बगलेत एक स्टूल घेऊनच. दुकानात पाच-सहा गिऱ्हाईकं उभी होती. त्यांच्या देखत त्यांनी काउंटरच्या आत स्टूल ठेवलं आणि म्हणाले, "बस. उभं राहूनच गोळ्या मोजायच्या असा काही कायदा नाही." मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं होतं. पण ते स्टूल अजून तिथेच आहे आणि आम्ही सगळ्याजणी त्यावर पाळीपाळीने बसतो.

काकू अगदी उलट. शाळेच्या स्वयंपाकघरात त्यांनी पंचवीस वर्षं इंग्रज पोरांना बटाटे वाढले आणि या काळात त्यांचा आवाज चढलेला कुणी ऐकला नाही. चार वर्षांपूर्वी त्या विसरू लागल्या. आधी चाव्या, मग रस्ते, मग नावं. मग त्यांचं इंग्रजी गेलं. एक एक शब्द उतरत गेला आणि खाली राहिली ती त्यांच्या माहेरची, नागपूरकडची मराठी. काका त्यांचं सगळं एकट्याने करायचे. आंघोळ, वेणी, भात कालवून भरवणं, सगळं. आम्ही मदतीचं विचारलं की म्हणायचे, माझी काही तक्रार नाही. ज्या माणसाने जन्मभर दुसऱ्यांच्या तक्रारी मांडल्या त्याला स्वतःची एकही सुचू नये, याचा मला तेव्हा संशय यायला हवा होता.

गेल्या वर्षी काकू जिन्यावरून पडल्या. हाड मोडलं नाही, पण हॉस्पिटलातून घरी सोडताना काही आठवडे फुकट मदत बांधून दिली गेली. सकाळ-संध्याकाळ अर्ध्या तासासाठी कुणीतरी बाई येणार. रोज वेगळी यायची. बिचाऱ्या सहा घरं करून धापा टाकत पोहोचायच्या आणि काका आधी त्यांना बसवून चहा पाजायचे, पायांना आराम पडेल म्हणून स्टूल सरकवायचे, सुट्टी मिळते का विचारायचे. चहा संपेपर्यंत अर्धा तास संपायचा. काकू बिनआंघोळीच्याच राहायच्या. आणि ज्या दिवशी आंघोळ व्हायची त्या दिवशी त्याहून वाईट व्हायचं. अनोळखी बाई अनोळखी भाषेत गोड बोलत आपलं पातळ सोडते आहे हे काकूंना सहन व्हायचं नाही. एका सकाळी मी तिथे होते. टॉवेलचा दांडा दोन्ही हातांनी धरून त्या लहान मुलीसारख्या रडत होत्या, मला घरी जायचं आहे, घरी जायचं आहे म्हणून. काका दाराबाहेर उभे होते. त्यांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता.

फुकटची मदत संपल्यावर पुढे काय हे ठरवायला दुसऱ्याच दिवशी त्यांनी बैठक बोलावली. बैठकीच्या खोलीत काकू, माझा नवरा, मी आणि अध्यक्षस्थानी काका. उरलेल्या वॉलपेपरची पाठ त्यांनी भिंतीवर डकवली होती आणि तिच्यावर तीन रकाने आखले होते. पहिला मार्ग असा की कौन्सिलच, म्हणजे इथली नगरपालिका, एजन्सी ठरवते आणि बायका पाठवते. आपल्याला बोटही हलवायला नको, पण कोण येणार आणि किती वाजता, हे आपल्या हातात नाही. दुसरा मार्ग असा की कौन्सिल तोच पैसा आपल्या हाती देते, माणूस आपण शोधायचा, आणि त्याचा पगार, रजा, विमा सगळं आपण सांभाळायचं. तिसरा म्हणजे आजार फारच मोठा असेल तर आरोग्यखातं सगळाच भार उचलतं. हॉस्पिटलच्या नर्सने त्याची यादी भरून पाहिली होती आणि काकू काही त्यात बसत नव्हत्या. याचा आनंद मानावा की दुःख हे काकांना ठरवता येत नव्हतं, म्हणून त्या रकान्यात त्यांनी नुसतं प्रश्नचिन्ह काढलं होतं. मग मतदान झालं. आम्ही हात वर केले की काकूही हसून हात वर करायच्या, त्यामुळे तिन्ही मार्ग मंजूर झाले.

मग आम्ही एजन्सी बघत फिरलो. गाडी मी चालवायची. मला वाटलं काका विचारतील की आंघोळ कशी घालता, औषधं कोण देतं, मराठी किंवा निदान हिंदी बोलणारं कुणी आहे का. ते मी विचारलं. काकांनी विचारलं की एका घरातून दुसऱ्या घरी जाण्याच्या वेळेचा पगार देता का, पाऊस असला तर बायका कुठे थांबतात, आणि दिवसभर रस्त्यावर असताना त्या बाथरूमला कुठे जातात. एका एजन्सीच्या मॅनेजरबाईंना वाटलं की हे आजोबा नोकरीसाठीच आलेत. त्यांनी अतिशय आदराने एक्क्याऐंशी वर्षांच्या माणसाच्या हाती अर्ज ठेवला. मी काही बोलायच्या आत काकांनी तो घडी करून खिशात घातला. तीन दिवसांनी अटींवर लाल पेनाने शेरे मारून त्यांनी तो पोस्टाने परत पाठवला.

शेवटी काकूंना किती मदत लागते ते ठरवायला कौन्सिलची बाई असेसमेंटला आली. माझ्यापेक्षा लहान असेल, शांत, हळू बोलणारी. ती येण्याच्या आदल्या दिवशी काकांनी मला डावपेच समजावले होते. पहिली मागणी नेहमी दुप्पट करायची, मग उदारपणे अर्ध्यावर यायचं. ते आता खोटं काय काय सांगणार याची मला धास्ती होती. पण त्या मुलीने काकांना काही विचारलंच नाही. ती काकूंसमोर जमिनीवर बसली आणि मला म्हणाली की यांना विचार, घरात यांची काळजी कोण घेतं?

मी विचारलं. काकूंनी समोर बसलेल्या काकांकडे पाहिलं. ओळखीचं हसल्या. मग माझ्याकडे झुकून, पाहुण्यांना ऐकू जाऊ नये अशा बेताने म्हणाल्या, "हे गृहस्थ करतात माझं सगळं. फार चांगले आहेत. पण त्यांना आता घरी जाऊ द्या बाई, त्यांची बायको वाट बघत असेल."

ती मुलगी माझ्या तोंडाकडे बघत होती. मी इंग्रजीत एवढंच सांगितलं की नवराच सगळं करतो असं त्या म्हणताहेत.

"पूर्ण सांग," काका म्हणाले.

मी पूर्ण सांगितलं. मला त्या दिवशी जो धक्का बसला तसा मागे कधी बसला नव्हता, आणि काकांना तो बसलाच नव्हता हे बघून मी आणखीच हबकले. त्यांना हे कितीतरी महिन्यांपासून ठाऊक होतं. त्या मुलीने मग त्यांना त्यांच्याविषयीही विचारलं, आणि त्यांनी मागणी दुप्पट केली नाही. जे होतं तेवढंच सांगितलं. उजवा खांदा वर जात नाही, काकूंना उठवताना आता दोनदा प्रयत्न करावा लागतो, आणि आपण पडलो तर काय, याचं उत्तर आपल्याकडे नाही. मी रोज माणसांच्या दुखण्याच्या गोळ्या देते, आणि तो खांदा मला दिसला नव्हता.

काकूंसाठी मदतीचे तास मंजूर झाले आणि काकांनी दुसरा मार्ग निवडला. आमच्या बुद्ध विहारात येणाऱ्या एक ताई होत्या, नागपूरच्याच, मुलं मोठी झालेली, केअररचं शिक्षण घेतलेल्या. पहिल्या दिवशी त्यांनी काकूंना "आई, पाणी कढत झालं का?" असं विचारलं आणि काकू मुकाट्याने न्हाणीघरात गेल्या. सगळं उत्तम जमलं. अडचण फॉर्मची होती. त्यावर काकांच्या नावापुढे छापलेलं होतं, एम्प्लॉयर. मालक. चार दिवस तो फॉर्म टेबलावर पडून होता. काका त्याच्याकडे बघायचे आणि बागेत निघून जायचे. पाचव्या दिवशी त्यांनी सही केली आणि कुणाला सांगू नकोस असं मला बजावलं. कारखान्यातले जुने दोस्त अजून अधूनमधून फोन करत.

त्यानंतर त्यांनी मालक म्हणून जे काही केलं ते बघून मी थक्क झाले. ताईंना त्यांनी पहिली सूचना केली ती युनियनमध्ये नाव घालण्याची. काका, आधी मला आईंचं बघू द्या, असं ताई म्हणाल्या, तर त्यांनी स्वतःच फॉर्म आणून ठेवला. चहाची सुट्टी त्यांनी इतकी काटेकोर पाळली की ताईंना चहा नको असला तरी पंधरा मिनिटं खुर्चीत बसून राहावं लागे. एकदा त्यांच्या लक्षात आलं की ताई रोज ठरल्या वेळेपेक्षा दहा मिनिटं जास्त थांबतात. त्यांनी कामगार-प्रतिनिधी या नात्याने मालकाच्या नावे एक तक्रारपत्र लिहिलं. शनिवारी आम्हा सगळ्यांसमोर ते उभं राहून खणखणीत आवाजात वाचून दाखवलं. मग खाली बसले, घसा खाकरला आणि मालक या नात्याने माफी मागितली. एवढ्या वर्षांत एकाही मालकाने आपली चूक अशी पहिल्याच बैठकीत कबूल केल्याचं आठवत नाही, असंही ते म्हणाले. ताई पदराने डोळे पुसत हसत होत्या. मी हसावं की त्यांना डॉक्टरकडे न्यावं, हे मला कळत नव्हतं.

परवा संध्याकाळी पाचच्या सुमाराला मी डबा घेऊन त्यांच्याकडे निघाले होते. ताईंची जायची वेळ झालेली. लांबूनच मला दिसलं की पुढचं दार उघडून काका बाहेर आले. अंगात कोट, डोक्यावर टोपी. दारात वळून त्यांनी आतल्या कुणाला तरी नमस्कार केला आणि म्हणाले, "बरंय बाई, निघतो मी." दार ओढून घेतलं आणि चालू लागले. मला भलभलत्या शंका आल्या. आता यांचीही आठवण जायला लागली की काय? मी हाक न मारता मागोमाग गेले. रस्त्याच्या टोकाला ते वळले, घरांच्या मागच्या अरुंद बोळात शिरले, कचऱ्याचे डबे चुकवत आले आणि स्वतःच्याच परसदाराशी थांबले. तिथे त्यांना मी दिसले.

ते जरा ओशाळले. मग म्हणाले की संध्याकाळ झाली की तिचा जीव खालीवर होतो. हा माणूस अजून आपल्या घरी का जात नाही, म्हणून ती काळजी करते. मी इथेच राहतो हे समजावून बघितलं, पण ती घाबरते. मग एक दिवस निघून बघितलं.

त्यांनी टोपी काढली, केस नीट केले आणि मागचं दार उघडलं. काकू स्वयंपाकघरात खुर्चीवर बसल्या होत्या. त्यांना बघताच चेहरा उजळला.

"आलात?" त्या म्हणाल्या. "किती उशीर. ते गृहस्थ आत्ताच गेले बघा. दिवसभर होते बिचारे."

"हो का," काका कोट उतरवत म्हणाले. "चांगले आहेत का?"

"फार चांगले." काकूंनी शेजारची खुर्ची थोडी जवळ ओढली. "बसा. दमला असाल."

मी डबा ओट्यावर ठेवला आणि आवाज न करता ताईंबरोबर पुढच्या दाराने बाहेर पडले.