खोडलेली जी.ए.

मुलीच्या लग्नपत्रिकेचा कच्चा छाप काल हाती आला आणि ओल्या शाईच्या वासाने मी तीस वर्षांपूर्वीच्या कल्याणच्या छापखान्यात जाऊन उभा राहिलो. आमच्या पत्रिकेच्या मजकुरात माझ्या नावापुढे बी.ए. होते आणि मालतीच्या नावापुढे जी.ए. तिची पदवी महिला विद्यापीठाची होती. सारे विषय मराठीतून शिकून मिळवलेली.

“जी.ए. म्हणजे काय रे, बी.ए.ची धाकटी बहीण?” सोबत आलेले काका हसले. “सरकारी नोकरीतही धरत नाहीत ती. लोक नावं ठेवतील. काढून टाक.”

मी इंग्रजी टिपणे घोकून जेमतेम उत्तीर्ण झालो होतो. तिने इतिहास समजून घेऊन पहिला वर्ग मिळवला होता. आपल्या भाषेतून मिळवलेले ज्ञान हलके, हा कुठला न्याय? आजही अंगाचा तिळपापड होतो. पण ती अक्षरे खोडणारी पेन्सिल काकांच्या नव्हे, माझ्या हातात होती.

लग्नानंतर डोंबिवलीच्या खोलीत मालतीने ती पत्रिका माझ्यासमोर ठेवली. मला मान वर करवेना.

“माझ्या बाबांनी विचारलं होतं, पदवी कुठे गेली म्हणून,” ती शांतपणे म्हणाली. “छापखान्याची चूक झाली, असं सांगितलंय मी त्यांना.”