घरच्या मेथीवर औषध

आमच्या रानात बारा महिने भाजी असते आणि आमच्या ताटात बटाटा. निरगुडसरच्या शिवारात आमचा टोमॅटो आहे, फ्लॉवर आहे, कोबी आहे. क्रेट भरभरून गाडी नारायणगावला जाते. घरात मात्र पिठलं, नाहीतर बटाट्याचा रस्सा, फार झालं तर मटकी. पाहुणे आले की मासवडी, आणि ती बेसनाची असली तरी आमचे हे तिला खुशाल भाजीत धरतात.

याचं कारण इकडच्या कुठल्याही शेतकऱ्याच्या बायकोला विचारा. "त्यातलं घरी आणू नको, परवाच औषध मारलंय," असं हे सांगतात आणि मी आणत नाही. परवा मारलेलं नसेल तर उद्या मारायचं असतं. इतकी वर्षं हे असंच चाललं आणि त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही, मलाही नाही.

मग ह्यांना शुगर निघाली. मंचरच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, रोज पालेभाजी खायला सांगितली आणि वर बजावलं, दोन महिन्यांनी रक्त तपासू, साखर उतरली नाही तर इंजेक्शन. माझ्या सासऱ्यांचा पाय ह्याच दुखण्यानं गुडघ्यापासून कापावा लागला होता. मी हादरले. हे मात्र घरी येऊन म्हणाले, "पाला काय माणसानं खायचा असतो? गुरं कशाला पाळलीत मग?"

मी काय काय नाही केलं! थालीपिठात दुधी किसून घातला, तर एक घास खाऊन म्हणाले, "पीठ लई वलं झालंय." पिठल्यात पालक चिरून घातला, तर माशाचे काटे काढावेत तसा एकेक तुकडा बोटानं वेचून ताटाच्या कडेला लावला. टोमॅटोच्या पानावर एवढासा ठिपका दिसला तरी भिंग घेऊन बसणारा हा माणूस, त्याच्या नजरेतून माझा पालक कसला सुटतोय! सासूबाईंना मध्ये घालावं, तर त्या म्हणाल्या, "त्याला ल्हानपणापासनं न्हाई आवडत." पन्नाशीला आलेल्या माणसाचं लहानपण! मी डोक्याला हात लावला.

शेवटी परसात चार वाफे केले. मेथी, पालक, थोडा चाकवत. सगळ्यांना ठणकावून सांगितलं की इथं औषधाचा एक थेंब पडता कामा नये. ह्यांनाही आता सबब उरली नाही. "बरं बाई, तुझी मेथी निघाली की खाईन," असं एकदाचं कबूल झाले. मी रोज वाकून तण काढलं, अळ्या हातानं वेचल्या, कंबरेचा काटा ढिला झाला. मेथी अशी तरारून आली की माझीच दृष्ट लागेल असं वाटायचं.

तोडायच्या दिवशी सकाळी टोपली घेऊन गेले, तर हे वाफ्यात उभे. पाठीवर पंप. पानं ओलीचिंब आणि तो ओळखीचा उग्र वास.

"अवो, काय केलंत हे?"

"मावा पडला व्हता," हे अगदी समाधानानं म्हणाले. "पानामागं लई जमला व्हता. दोन दिवसांत सगळी मेथी गेली असती. आता आठ दिवस तोडू नको."

महिनाभराचा राग एकदम तोंडाशी आला. "मावा पाण्यानं धुऊन जातो! एवढंबी शिकवलं न्हाई का कुणी तुमाला? पानामागचा मावा दिसतो, आणि सोताच्या रक्तातली साखर दिसत न्हाई?" सासूबाई दारात आल्या, माझा अवतार बघून परत आत गेल्या.

ह्यांनी पंप खाली ठेवला. पट्ट्याशी चाळा करत म्हणाले, "मला भ्या वाटतंय गं. दादांचा पाय डोळ्यापुढनं हलत न्हाई. म्हटलं, माझ्यासाठी एवढी भाजी लावलीस, तीबी रोगानं जायला नको."

असं हे आजवर कधी बोलले नव्हते. मला गलबलून आलं. राग मात्र तसूभरही कमी झाला नाही.

रक्त तपासायला पंधरा दिवस उरले होते. संध्याकाळी मंचरच्या बाजारातून मेथीच्या दोन जुड्या घेतल्या. विकणारी बाई आमच्यासारखीच, घरच्या रानातला माल घेऊन बसलेली. "कधी मारलंय?" एवढंच विचारायचं होतं, पण जीभ रेटेना. आमच्या फ्लॉवरबद्दल तिनं मला विचारलं असतं, तर मी तरी कुठं खरं सांगितलं असतं? घरी येऊन मेथी मिठाच्या पाण्यात तीनदा धुतली आणि लसूण घालून परतली.

हे निमूट जेवले. भाकरी संपली तसं ताट पुढं करून म्हणाले, "अजून वाढ."

हे दोन शब्द ऐकायला मी महिनाभर जिवाचं रान केलं होतं. हातात चमचा धरून क्षणभर तशीच बसले, आणि मग वाढली.