पाठमोरा जपानी

नंदुरबारात चित्र वाचता येणारा माणूस एकच होता, आणि तो म्हणजे आमचे कपबशीवाले शेजारी. बाकीचे आपले नुसते बघे. नखाने टिचकी मारली की कुठल्याही वस्तूची लायकी कळते, असा या शेजाऱ्यांचा ठाम विश्वास. कप तर ते वाजवीतच, पण टरबूज, दाराची चौकट, काही म्हणून सोडीत नसत. एकदा माझ्या कपाळावर टिचकी मारून "मास्तर, पक्का माल!" असा शेराही त्यांनी देऊन टाकला. लढाईच्या आधी जपानी माल स्वस्त येई. अशाच एका खोक्यात, गवताखाली, त्यांना एक चित्र सापडलं. आपल्याकडे कापडावर छापतात तसं लाकडी ठशांनी छापलेलं. गुडघे मोडून बसलेली बाई, तिच्या हातात कप, आणि तिच्याकडे पाठ करून बसलेलं दुसरं कोणी. चित्र दुकानात टांगून ते येईल त्याला अर्थ सांगू लागले. "नवराबायको शेतस. बाई रुसेल शे. पण माणूस पहा, कसा ताठ बठेल शे! असंच पाहिजे."

असं म्हणायला कारण होतं. त्याच आठवड्यात ब्राह्मणपुरीहून त्यांचा मेहुणा आला होता. गावाला कप विकणाऱ्या या घरात चहा पितळेच्या वाटीतून पीत, पण वहिनींनी हौसेने विक्रीतला कप काढून भावाला चहा दिला. त्याने कप खाली ठेवताच यांनी तो उचलला आणि तडा तर गेला नाही ना, म्हणून त्याच्यासमोरच टिचकी मारून पाहिला. वहिनी भावाबरोबर माहेरी निघून गेल्या, त्या येईनात.

मग चित्राचा अर्थ पालटू लागला. आधी बाई हट्टी होती, मग दोघंही हट्टी झाली, आणि प्रत्येक अर्थ तितकाच छातीठोक. एका बाजाराच्या दिवशी गिऱ्हाईक भाव विचारीत असताना ते चित्राकडे बघत मला म्हणाले, "चूक त्यानी शे, मास्तर. चहा थंडा हुई गया, तरी हाऊ वळत नही." त्यांनी गिऱ्हाइकाच्या हातातला कप काढून घेतला, दुकान बंद केलं आणि मिळाली ती बैलगाडी धरून ब्राह्मणपुरी गाठली.

वहिनी परत आल्या. नव्या कपांतून चहा झाला. टिचकी कुणी मारली नाही. मग वहिनींनी चित्र निरखून पाहिलं. "हाऊ माणूस नही, बाई शे. आंबाडा दिखत नही का तुमले?" दुसऱ्या दिवसापासून हे गावाला ठणकावून सांगू लागले, "दोन्ही बहिणी शेतस!"

आज ती दोघंही नाहीत, आणि मला त्यांची फार आठवण येते. चित्र माझ्या भिंतीवर आहे. चष्मा लावून पाहिलं, मानेवर अंबाडाच आहे. पण कुणी विचारलं, तर मी सांगतो, नवरा आहे. आत्ता वळेल.